लाल रेघेपर्यंत पाणी

टाकीच्या पुढच्या काचेवर नेलपॉलिशची एक लाल रेघ होती. बायकोने पट्टी धरून ओढलेली, तरीही उजवीकडे किंचित चढलेली. पाणी इथवर हवं, एवढाच तिचा अर्थ. आज डोळे मिटले की त्या घरातलं बाकी काही आठवायच्या आधी ती रेघ दिसते, आणि तिच्यामागे संध्याकाळच्या उन्हात हलणारं हिरवट पाणी.

घर वैभववाडीला होतं. भाड्याच्या दोन खोल्या, मागे विहीर, पूर्वेला सह्याद्री. रेल्वे सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तिथल्या हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होतो, म्हणजे नळ्या धुणं, स्टँड लावणं आणि चंचुपात्रं फोडणाऱ्या मुलांवर ओरडणं. जन्म मालवणचा, बापजादे सगळे मासेमारीतले, पण मला होडी लागते. किनारा सुटून शंभर हात होत नाहीत तोच पोटातलं सगळं बाहेर. वडिलांनी दोन-तीन वर्षं वाट पाहिली आणि मग कपाळाला हात लावला. म्हणून मी होडी पोचूच शकणार नाही अशा गावी नोकरी धरली, आणि लग्नानंतर बायकोलाही तिकडेच नेलं.

तीही मालवणचीच, बंदरालगतच्या घरातली. आईबरोबर लिलावाला उभी राहणारी, टोपलीभर माशांचा भाव एका नजरेत करणारी, आणि बोलायला लागली की समोरच्याला घाम फोडणारी. वैभववाडीला आल्यावर ती हळूहळू गप्प होत गेली. मी तसा कमीच बोलणारा. शाळेतून आलो की कुणाचा तरी बिघडलेला रेडिओ उघडून बसायचो, नाहीतर पंखा. तिने काही विचारलं तर 'हं' म्हणायचो, आणि त्या 'हं'मध्ये सगळं आलं असं मला मनापासून वाटायचं.

महिन्यातून एकदा ती माहेरी जायची. मग पंधरा दिवसांनी जायला लागली. जाताना तिची पिशवी फुगलेली असे, येताना चपटी. मला आधी ते कळलंच नाही. एका रविवारी स्क्रूड्रायव्हर शोधताना तिची ट्रंक उघडली, तर लग्नातल्या अकरा साड्यांपैकी सातच होत्या. एकेक साडी करून ती परत चालली होती. मी ट्रंक लावली आणि तिला काही विचारलं नाही. भीती वाटली, दुसरं काय. विचारलं तर ती खरं सांगेल, याची भीती.

मग माझ्या डोक्याने नेहमीचा रस्ता धरला. हिला समुद्राची आठवण येते ना, मग समुद्रच इथे आणू. कणकवलीहून पाच काचा कापून आणल्या, सिलिकॉनने जोडल्या. टाकी दोनदा गळली, तिसऱ्यांदा टिकली. हवेचा पंप कोल्हापूरहून मागवला. पाणी मात्र मालवणचंच हवं, म्हणून कॅन भरभरून एसटीने आणलं. कंडक्टरने विचारलं, "ह्यात काय आसा?" मी म्हटलं, "दर्या." त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि लगेजचं तिकीट फाडलं.

मासे तिनेच पकडले. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांमध्ये परकर खोचून उतरली आणि गाळणीने बोटभर लांबीचे दोन मासे उचलले, पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेले. शिवाय शंखात राहणारी एक कुर्ली, म्हणजे छोटा खेकडा, आणि दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल, जे पाण्याबाहेर नुसता चिकट गोळा असतं आणि पाण्यात सोडलं की बोटं पसरतं.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला अजून नीट सांगता येत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टाकीत शिरायचं आणि पाण्यातून गाळून भिंतीवर उतरायचं. मग सगळी खोली हलायला लागायची. भिंतीवरचं कॅलेंडर, खुंटीवरचा माझा सदरा, ताटाळ्यातली ताटं, बायकोचा गाल, सगळ्यावरून उजेडाच्या सुरकुत्या सरकत जायच्या. घराचं छप्पर कुठेतरी वर तरंगत असावं आणि आपण दोघं तळाशी बसलेलो आहोत, असं वाटायचं. ज्याला होडीत पाच मिनिटं बसवत नाही तो मी समुद्राच्या तळाशी चहा पीत बसायचो, आणि पोटात जराही ढवळायचं नाही.

घाटाखालचं ऊन कडक. टाकीतलं पाणी रोज काडीभर उतरायचं. सहाच्या सुमाराला ती तांब्या घेऊन यायची, मी कॅन तिरपा धरायचो, आणि ती समुद्राचं पाणी थोडं थोडं ओतत रेघेपर्यंत आणायची. समुद्राच्या माशाला समुद्राचंच पाणी, यात विचार करण्यासारखं काही आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. किनाऱ्यावरची माणसं आम्ही. समुद्राच्या जिवावर विहिरीचं पाणी ओतायचं म्हणजे आम्हाला पाप वाटलं असतं.

ओतता ओतता तिची जीभ सुटायची. तांब्या भरून काठाशी नेईपर्यंत एक गोष्ट, रिकामा होईपर्यंत तिला फुटलेला दुसरा फाटा. तिची एक आत्या खारे बांगडे विकायला खारेपाटणच्या बाजाराला जायची. तिथे एका बाईने बांगडा नाकाशी धरला आणि म्हणाली, "गेल्या वर्साचे दिसतत." आत्याने टोपली उचलून डोक्यावर घेतली. "चल तुझ्या घराक," म्हणाली, "तुझ्या चुलीर भाजतंय. तू खा, आणि मगे बोल." आणि खरोखरच निघाली की तिच्या मागून! पुढे ती बाई, मागे आत्या, भर बाजारातून. ही एवढी गोष्ट सांगायला तिला तीन संध्याकाळी लागल्या, कारण वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस कुणाचा कोण हेही सांगायला लागायचं.

मी ऐकत असायचो, पण अर्ध्या कानाने. अर्धं डोकं म्हणत असायचं की रोज रोज हे कॅन उचलणं ही काय कटकट आहे. पाण्याने आपलं आपण रेघेवर राहायला काय हरकत आहे? त्या दिवसांत ट्रंकेतल्या साड्या सातावरून नऊ झाल्या होत्या, हे मी पाहिलं होतं. टाकीचा गुण, असं मी स्वतःला सांगितलं. म्हणजे टाकी आणखी चांगली केली पाहिजे.

एका सोमवारी शंकराच्या देवळात गेलो. पिंडीवर तांब्याची गळती टांगलेली होती. भांड्याच्या बुडाला भोक, भोकात कापसाची वात, आणि वातीच्या टोकाशी थेंब जमून पिंडीवर पडत होता. गुरवाने वात जरा सैल केली तसे थेंब भराभर पडायला लागले. आरती सुरू झाली, संपली, लोक प्रसाद घेऊन गेले, आणि मी आपला थेंबाकडे बघत उभा. गुरवाला वाटलं माझी श्रद्धा फार. त्याने मला दोन केळी जास्त दिली.

कंपाउंडरकडून सलाईनची नळी आणली, प्लास्टिकच्या बादलीच्या बुडाला जोडली, बादली शाळेतल्या एका जुन्या स्टँडवर चढवली. पण गळतीला कुठे थांबायचं ते कळत नाही. ढगाळ दिवशी पाणी कमी उडालं आणि टाकी भरून वाहिली, गोधडी भिजली. मग सासुरवाडीहून जाळ्याच्या कडेला लावतात तो पोकळ प्लास्टिकचा गोळा आणवला आणि सायकलच्या स्पोकच्या टोकाला बसवला. नळी स्पोक आणि एका खिळ्याच्या मधून नेली. पाणी रेघेला टेकलं की गोळा वर, स्पोक वर, नळी दाबली, थेंब बंद. पाणी उतरलं की गोळा खाली, नळी मोकळी, टप्, टप्. महिनाभर खटपट करून ते नीट जमलं. आनंदाने मी खोलीत एकटाच हसलो.

त्या संध्याकाळी ती तांब्या घेऊन आली. आत्या आदल्या दिवशी त्या परक्या घराच्या दारात पोचली होती. "मगे ता दार..." तिने सुरू केलं, आणि मी तिला थांबवलं.

"तांब्यो ठेव गो. आता तेची गरज नाय. हे बघ."

तिने बघितलं. थेंब पडले, गोळा चढला, थेंब थांबले. "बरां झालां," ती म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली. मला वाटलं, भारावली. असा मी माणूस.

साड्या नवाच्या आठ झाल्या, मग सहा, मग चार. मला कळेना. टाकी तर आता बघायलाही लागत नव्हती. वर्षभर घराला कुलूप लावून गेलो असतो तरी पाणी रेघेवर राहिलं असतं, फक्त बादलीत पाणी हवं. म्हणून ती मालवणला निघाली की मी एसटीच्या खिडकीखाली उभा राहून एवढंच म्हणायचो, "येताना दोन कॅन पाणी हाड." दुसरं काही म्हणायचं असतं हे मला ठाऊक होतं. जिभेवर यायचं, आणि गाडी सुटायची.

एकदा ती गेली ती आठ दिवसांत आली नाही, पंधरा दिवसांत आली नाही. आणि टाकीत काहीतरी बिघडलं. पाणी अगदी रेघेवर, कणभर इकडे नाही की तिकडे नाही, पण समुद्रफुलाने बोटं मिटून घेतली. काचेच्या काठावर पांढरी पूड साचायची. मी धूळ समजून रोज पुसायचो. शंखातली कुर्ली हवेच्या नळीवरून चढून पाण्याबाहेर येऊन बसली, आणि खाली सोडली की पुन्हा वर. एका सकाळी दोनातला एक मासा उलटा तरंगत होता. मी त्याला जास्वंदीखाली पुरलं. शाळेत जाताना सारखं वाटत होतं की ही बातमी तिला कुणी सांगू नये, आणि सांगायला तर माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

त्या रविवारी दुपारी दारात सासू उभी. एक कॅन कडेवर, एक हातात. एसटी स्टँडपासून चालत आलेली.

"ती येऊक नाय," ती म्हणाली. "पाणी धाडल्यान."

"कधी येतली?"

"तां तिका इचारा. माका कित्याक इचारतास?"

तिने पाणी पिऊन पदराने तोंड पुसलं आणि टाकीसमोर जाऊन उभी राहिली. उरलेल्या माशाकडे बघितलं, नळीवर बसलेल्या कुर्लीकडे बघितलं. मग बोट टाकीत बुडवून जिभेवर लावलं आणि खिडकीतून बाहेर थुंकली.

"जावयबापू, ह्यां दर्याचां पाणी न्हय. ह्यां मिठागरातलां."

लहानपणी ती शिरोड्याच्या मिठागरात कामाला जायची, हे मला तेव्हा कळलं. "उनान पाणी जाता. मीठ खंय जातलां? तां थंयच र्‍हवता. आणि तुमी वरसून आणखी खारां ओततास. मीठ पिकवतास काय हंय?" मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "गोडां पाणी घाला. गेलां तां गोडांच गेलां."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण दर वर्षी शाळेत हाच प्रयोग मी मांडायचो. चिनी मातीच्या बशीत मिठाचं पाणी, खाली दिवा. पाणी उडून जातं, बशीत मीठ उरतं. दर वर्षी ती बशी मीच खरवडून धुवायचो. मुलांना 'यावरून काय दिसून येते?' विचारलं की तीसच्या तीस हात वर व्हायचे, आणि माझ्या घरात मात्र तेच चाललं होतं आणि मला दिसत नव्हतं.

सासू तीन दिवस राहिली. मुलगी नसताना जावयाच्या घरी राहायचं तिला बरं वाटेना, म्हणून झोपायला शेजारणीकडे गेली. पण माशासाठी राहिली. मी थोडं खारं पाणी काढलं, बादलीत विहिरीचं भरलं आणि नळी अगदी बारीक सोडली, कारण एकदम बदल केला तर होता तो मासाही जायचा. तीन दिवस थेंब पडत होते. दर काही वेळाने मी थोडं काढायचो, आणि सकाळ-संध्याकाळ सासू बोट बुडवून चाखायची. "अजून," म्हणायची. "अजून वाईच."

दुसऱ्या संध्याकाळी ती बायकोच्या जागी बसली होती. भिंतीवर उजेड हलत होता. मी धीर करून विचारलं, "थंय ती रोज दर्यार जाता काय?"

"खंयची दर्यार! वाळूत पाय ठेवणा नाय. रांदपाच्या खोलयेत चुलीकडे बसता आणि दिवसभर बोलता. माझे कान किटले." तिने थेंबाकडे बोट दाखवलं. "माका म्हणता कशी, ह्येंनी माझ्या हातातलो तांब्यो काडून घेतल्यानी."

खरं होतं. मी तांब्या काढून घेतला होता. तिचे कष्ट वाचवले या आनंदात मी घरातलं एकमेव बोलणं बंद करून टाकलं होतं, आणि वर यंत्र नीट चालतंय म्हणून खूश होतो. मी उगाच खिळा आणि स्पोक चाचपत बसलो. सासूने ते पाहिलं असावं, कारण ती उठून चहा टाकायला गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने बोट चाखलं आणि मान हलवली. "आता आमच्या बंदरातलां पाणी." कुर्ली केव्हाच खाली उतरून वाळूत रांगत होती. आम्ही दुपारच्या गाडीने मालवणला निघालो.

बायको आतल्या खोलीत विळीवर बांगडे चिरत होती. मला पाहून थांबली नाही. मी उंबऱ्यावर बसलो. गाडीत मी सगळं नीट ठरवलं होतं, ते सगळं विसरलो, म्हणून मिठाचं सांगितलं. पांढऱ्या पुडीचं, नळीवर चढलेल्या कुर्लीचं, शाळेतल्या बशीचं. बशीपर्यंत आलो तेव्हा तिला हसू आवरेना. "तीस पोरांका कळता आणि तुमका कळणा नाय?" मग मी माशाचं सांगितलं, तशी ती हसायची थांबली. हातातला बांगडा खाली ठेवला.

मी म्हटलं, ट्रंकेत चारच साड्या उरल्यात, मला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे. मला भीती वाटते.

"तुमका ठावक होतां?" तिने मान वर केली. "आणि इचारलात नाय?"

नाही विचारलं, मी म्हटलं. त्यानंतर बराच वेळ मीच बोलत होतो. आयुष्यात एका दमात इतकं बोललो नव्हतो; बाहेर सासूने दोनदा खोकून पाहिलं, जेवण थांबलं होतं.

ती माझ्याबरोबर लगेच आली नाही. तीन दिवसांनी आली, एकटी, संध्याकाळच्या गाडीने. पिशवी फुगलेली होती. मी ती तिच्या हातातून घेतली आणि ट्रंक उघडून बघितली नाही, तेवढं मला त्या दिवशी जमलं.

यंत्र आता विहिरीच्या पाण्यावर चालत होतं. पण चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की बादलीतलं पाणी आहे तेवढंच आहे, आणि टाकीतलं पाणी मात्र रेघेवर. माझं डोकं चक्रावलं. गोळा तपासला, स्पोक तपासला, बादलीचं भोक तपासलं. शेवटी नळीवरून बोट फिरवत वर गेलो, तर बादलीच्या मागे, सहज दिसणार नाही असा, कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावलेला.

मागे वळून बघितलं. ती दारात तांब्या घेऊन उभी होती. मी शाळेत असताना ती रोज एकटीच विहिरीचं पाणी घालत होती.

"मशीन वायट नाय," ती म्हणाली. "आपण दोघांय मालवणाक जातलो, तेवा चिमटो काडूया."

आणि तसंच झालं. दिवाळीला, शिमग्याला, तिच्या भावाच्या लग्नाला, दोघं मिळून घराला कुलूप लावलं की तेवढेच दिवस तो चिमटा निघायचा. टाकी फुटेपर्यंत सात-आठ वर्षं माझं यंत्र इतकंच चाललं, आणि ज्या दिवशी चाललं त्या दिवशी कधी चुकलं नाही.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी मी बादली खाली उतरवली आणि तांब्या भरून तिच्या हातात दिला. ऊन खिडकीत आलं होतं. ती ओतायला लागली, काहीच बोलेना.

"मगे त्या आत्येन काय केल्यान?" मी विचारलं.

ती थांबली. "खंय होती ती?"

मी 'हं' म्हणणार होतो. ते गिळलं. "खारेपाटणात, त्या बाईच्या दारात. डोक्यावर टोपली. बाई आत गेली आणि दार लावून घेतल्यान. पायरेर एक लाल कोंबडो होतो."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला नजर खाली घालावी लागली. मग तिने तांब्या पुन्हा उचलला.

"तर दार उघडल्यान त्या बाईच्या सासवेन. म्हातारी, दांत नाय. टोपलीचो वास घेतल्यान आणि म्हणता, बांगडो! ये गो बाये, आदी भाज, मगे भांडा."

आत्या त्या चुलीपाशी बसली, म्हातारीच्या सुनेने पीठ मळायला घेतलं, आणि पुढे कितीतरी वर्षं बाजाराच्या दिवशी आत्याचं दुपारचं जेवण त्याच घरी व्हायचं. हे सगळं सांगून होईपर्यंत टाकीतलं पाणी लाल रेघेच्या बोटभर वर चढलं होतं, आणि ते आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.